बाबांना उठवणारी खुर्ची

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, माझी पाठ सध्या अर्ध्यावर वाकते आणि तिथेच राहते). तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे मजेत. सगळे म्हणजे मी आणि आई, आणि आई माझ्याशी बोलत नाही, तेव्हा मजेत मी एकटीच.

बाबांनी तुला काय सांगितलं कोण जाणे, म्हणून माझी बाजूही ऐक. निवृत्त झाल्यापासून ते सकाळी पेपर घेऊन बसले की थेट जेवायलाच उठायचे (निविदांच्या जाहिरातीसुद्धा वाचतात, जसा काही पूल त्यांनाच बांधायचाय). पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, यांना फार वेळ बसू देऊ नका. माझा तर धंदाच फर्निचरचा, तोही जुन्या दारं-खिडक्यांच्या लाकडातून, नवं झाड न तोडता. मग काय, मोडीतल्या एका दाराची अशी खुर्ची केली की थोडा वेळ माणूस सुखात, आणि मग बैठकीखालच्या पिशवीतली वाळू मागे सरकून बैठक मागून उचलते आणि पुढे कलते. माणूस आपसूक उभा. पण बाबा पडले तुझे भाऊ! घसरू नये म्हणून त्यांनी टीपॉयला पाय लावला. टीपॉय सरकायला लागला तर तो भिंतीला टेकवला. मी चिडून उतार वाढवला, तर पकड मिळावी म्हणून घरात बूट घालून बसायला लागले. वर मलाच म्हणायचे, बरी झालीय हं खुर्ची.

त्यात एका कचेरीचे व्यवस्थापक नमुना बघायला घरी आले. पन्नास खुर्च्यांचं काम होतं, आणि ते मला हवंच होतं. गृहस्थ बसले, कलले, उठले आणि खूश झाले. म्हणाले, "तक्रारी घेऊन येणाऱ्यांसाठी झकास. नकोसा माणूस आपणहून उठेल, आपल्याला तोंड उघडायला नको." आणि मी मेली हसत म्हणाले, "अगदी त्यासाठीच केलीय." मागे दारात बाबा चहाचा ट्रे घेऊन उभे होते (इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी न सांगता उठले होते).

दुसऱ्या दिवशी बॅग भरून ते तुझ्याकडे आले. जाताना एवढंच म्हणाले, "आधीच सांगायचंस गं." तेव्हापासून मी घरात एका जागी टिकत नाही. स्वयंपाकघर, गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर. हे पत्रही तीन ठिकाणी लिहून झालंय.

तर तू त्यांना समजाव. खुर्ची त्यांच्या पायांसाठी होती, ते नकोत म्हणून नव्हे. आणि तुझ्या त्या मऊ सोफ्यावरून अधूनमधून उठवत जा. पाणी आणायला लाव, काहीही कर.

तुझी भाची

ता. क. त्या व्यवस्थापकांना नाही म्हणून कळवलं. फार मोठेपणा समजू नकोस, इतकी जुनी दारं आणणार कुठून? (मिळतात. हवी तेवढी मिळतात.)

ता. क. समजावण्याचं राहू दे, ते माझं मलाच करायला हवं. रविवारी येतेय. ते बोलणार नाहीत, ठाऊक आहे मला. तू फक्त त्यांच्या शेजारी मला बसू दे. ते "ऊठ आता" म्हणेपर्यंत मी हलणार नाही.