शाळेने दिलेली बहीण

धामनोद, रविवार

प्रिय ईशानीताई,

फोन असताना हा कागद कशाला, असं म्हणून हसशील. पण फोनवर बोलायला लागलो की मी हिंदीत घसरतो, आणि हिंदीत मला फक्त गंमत करता येते. मेसेज केला तर तू वाचलास की मला लगेच दिसणार, मग उत्तर येईपर्यंत मी काय करायचं? म्हणून कागद. शुद्धलेखन तू मनातल्या मनात सुधारून घे, लहानपणापासून घेतच आलीस.

तुझ्या घरून जगदेवराव काकांचा फोन आला होता. आमंत्रण कसलं, हुकूमच. लग्नात तुझा भाऊ म्हणून मी उभं राहायचं, तुझ्या ओंजळीत लाह्या मी घालायच्या, राजवीरचा कान मी पिळायचा आणि तो सोडायला काहीतरी भारी मागायचं, लाजायचं नाही. तुला चुलत-मावस भाऊ चिक्कार आहेत, पण काकांच्या मते शाळेतला धाकटा त्या सगळ्यांच्या आधी. मी म्हटलं, हो काका, येतो की. ते वर म्हणाले, तू तिकडेच फिरतोस तर धारला शाळेच्या जानकीबाईंना पत्रिकाही देऊन ये, त्यांना पोस्टाने पाठवलेली बरी दिसत नाही.

तिकडेच फिरतोस म्हणजे, सध्या मी ठिबकच्या नळ्या पोचवणाऱ्या गाडीवर आहे. डहीपर्यंत जातो. मोबाईलचं दुकान सोडलं, ते तुला माहीत आहे. त्यानंतरचं जिमचं काम माहीत नसेल, तेही सोडलं. ड्रायव्हर मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो आणि रस्ताभर त्याच्या सासऱ्याची गाऱ्हाणी सांगतो. सासरा खरंच विचित्र आहे, जावयाला शेव कुठली आणावी यावरून भांडतो. असो. ते भेटल्यावर सांगेन.

फिरताना एक कळलं. आपली शाळा केवढीशी, देवासच्या त्या गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही, पण तिची माणसं कुठे कुठे जाऊन बसली आहेत. सतवासला भास्करदादा आहे, मंडईत त्याचं दुकान आहे. डहीला ऋजुताताई दवाखान्यात असते. मी कधीही जाऊन दारात उभा राहिलो तरी कोणी नोकरी विचारत नाही, पास किती झालास विचारत नाही. आधी विचारतात, कोणाचा धाकटा? मी म्हणतो, देवासच्या ईशानीचा. की लगेच, अरे मग आत ये ना, पोळ्या गरम आहेत. बारावीत मी आपटलो तेव्हा घरी कोणी बोलत नव्हतं, तेव्हाही भास्करदादाकडेच राहिलो होतो. मला दुसरी ओळख नाही ग. आधार कार्डावर आहे ती काय ओळख आहे?

तुला पहिला दिवस आठवतो का? मला तुझा हात आठवतो, त्याला चिंचेचा वास होता. तिसरीतल्या प्रत्येकाच्या हाती पहिलीतलं एक रडकं मूल द्यायची आपली पद्धत. हा तुझा धाकटा, ही तुझी थोरली, आता हिला ताई म्हणायचं. मी इतका रडलो होतो की तू तुझा अर्धा डबा मला दिलास आणि बाकीचा अर्धा मी मागून घेतला. मग दर भाऊबीजेला शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या थोरल्या ताटं घेऊन ओळीने उभ्या राहायच्या. आधी मुलांपुरतं होतं, मग माजी विद्यार्थीही यायला लागले, मग त्यांच्या बायका, त्यांची पोरं. मिशा आलेले लोक पाटावर बसून ओवाळून घ्यायचे. बाहेरच्या कोणाला सांगितलं तर पटत नाही.

तू कॉलेज संपवलंस, त्या दिवाळीला कुसुमावती काकू शाळेच्या पंगतीत वाढत होत्या. आपण शेजारी बसलो होतो. त्या सहज म्हणाल्या, दोघं शेजारी शोभतात हो. आणि समोरून सावित्रीबाई एकदम म्हणाल्या, अहो असं काय बोलता, तो तिचा धाकटा, भाऊ लागतो. काकूंनी जीभ चावली, सगळे हसले. मीही हसलो, माझा तर आवाज सगळ्यांत मोठा होता. तू नाही हसलीस. ताटाकडे बघत राहिलीस आणि बासुंदीची वाटी माझ्याकडे सरकवलीस. घरं आपली एकाच पंगतीतली, जातीपातीचा प्रश्न नव्हता, दोन वर्षं मोठी असण्याचं कोणी फार मनावर घेतलं नसतं. पण शाळेचं नातं म्हटल्यावर पुढे विचारच करायचा नसतो, असं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. त्यानंतर मी इंदूरला गेलो, मग भोपाळ, मग कुठे कुठे. लोक म्हणतात याच्या पायाला भिंगरी आहे. म्हणू देत.

तर धारला गेलो. जानकीबाई भाचीकडे असतात, किल्ल्याच्या बाजूला. खूप वाळल्या आहेत, पण आवाज तोच, मी आपोआप सरळ उभा राहिलो. पत्रिका दिली. भिंग लावून सगळी वाचली, खालच्या लहान मुलांच्या नावांसकट. मग मी ऐटीत सांगितलं की भाऊ म्हणून मीच उभा राहणार आहे. त्या म्हणाल्या, तू तिचा कोण? मी म्हटलं, बाई, तुम्हीच तर दिलात ना मला तिच्या हाती, मी तिचा धाकटा. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग हसल्या.

"अरे, ते दिवाळीपर्यंतचं होतं. नवी मुलं रडायची, म्हणून मी काढलेली युक्ती. सुट्टी लागली की हात सोडायचा, एवढंच ठरलं होतं."

मी विचारलं, मग भाऊबीज?

"ती मी नाही सुरू केली. हात तुम्हीच धरून ठेवलेत. मला वाटलं, मुलांना बरं वाटतंय, कशाला बोला."

भाचीने चहा आणला. मी प्यायलो. बाईंनी कपाटातून तुझ्यासाठी खण काढून दिला, तो तुझ्या मावसभावाबरोबर, मयुरेशबरोबर, पाठवतो आहे. बाहेर येऊन गाडीत बसलो, तर ड्रायव्हर पुन्हा सासऱ्यावर सुरू झाला, आणि पहिल्यांदाच मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. दिवाळीपर्यंतचं. म्हणजे मी पहिलीत असतानाच संपलं होतं ते.

ईशानी, लग्नाबद्दल मला काही म्हणायचं नाही. राजवीरला मी भेटलो आहे, भला माणूस आहे, तू त्याच्याशी बोलताना घड्याळ बघत नाहीस. ज्या नात्याच्या नावावर मी गावोगाव जेवलो, त्याच्यावर रागावताही येत नाही. हे पत्र फक्त एवढ्यासाठी लिहिलं, की ती जागा मला देऊ नकोस. कान तर मी पिळीन, त्यात मी पटाईत आहे, पण लाह्या घालताना तुझी ओंजळ माझ्या हाताखाली येईल, आणि सगळा मांडव बघत असेल की हा तिचा भाऊ. ते मला जमणार नाही. मयुरेशला उभा कर, पोरगा चांगला आहे. काकांना सांग, डहीच्या रस्त्याला माझी गाडी अडकली. त्या पंगतीत तुला काय वाटलं होतं, ते मला कधीच कळवू नकोस. तुला काहीच वाटलं नव्हतं असं धरून चालतो मी, म्हणजे उद्या गाडीत चढता येईल.

तुझाच,
अजेय