वहीत मेलेली देओलिंदा

४ मे, शनिवार

लिही. मी थुंकले होते, त्याचं उत्तर आलं.

डिसेंबरात झुल्मिरानं — माझी नात, हे लिहितेय ती — माझ्यापुढे एक नळी धरली. दवाखान्यात नर्स आहे. मला वाटलं काही तपासणी असेल. थुंकले. आता म्हणते, डीएनए की काय त्यावरून नातेवाईक सापडतात. मला आणखी नातेवाईक हवेत असं कोण म्हणालं? आहेत तेच दर रविवारी जेवायला येतात.

तर एक सापडलीय. अमेरिकेत फॉल रिव्हरला राहणारी ओलिव्हिया, वय चौऱ्याहत्तर. लिओनोरमावशीची मुलगी. म्हणजे माझी मावसबहीण — यात सापडलं काय? पण नळीवाले म्हणतात मावसबहीण नाही, सावत्र बहीण. दोघींची आई तरी एक, नाहीतर बाप तरी. आणि ही बाई इथे येतेय. समुद्राच्या मधोमध आमच्या या पिको बेटावर. स्वतःच्या खर्चानं.

कशाला?

५ मे

बाबांवर संशय घेऊन पाहिला. जमत नाही. बाबांना बोट लागायची. समोरच्या फाइयाल बेटावर जाऊन आले तरी दोन दिवस झोपून असायचे. ते अमेरिकेत जाऊन मुलगी कुठली करतायत! नळ्यांची अदलाबदल झाली असणार.

झुल्मिराला म्हटलं, वाचून दाखव. मी एवढं बोलले आणि एवढंसंच? ही मधलं काय गाळते कोण जाणे. मला अक्षर येत नाही याचा फायदा घेते.

९ मे

आता कळलं. घर.

हे घर आजोबांचं. त्यांना दोनच मुली — माझी आई रोझालिना आणि धाकटी लिओनोर. युद्ध संपल्यावर मावशी लग्न ठरवून अमेरिकेला गेली, परत आलीच नाही. वाटणी झाली नाही ती नाहीच. शेजारच्या गिल्बेर्तुकडे असाच एक चुलतभाऊ आला होता, चॉकलेटं घेऊन. जाताना अर्धा द्राक्षांचा मळा घेऊन गेला.

ही चॉकलेटं घेऊन आली की समजायचं.

१३ मे

आली. चॉकलेटं घेऊन.

ठेंगणी, माझ्यासारखीच. नाकही मोठं. मला ‘देओलिंदाबाई’ म्हणते. बोलते आमच्यासारखंच, पण माझ्या आईच्या वेळचे शब्द वापरते. ते बोलणारे सगळे आता कबरस्तानात. ऐकून दचकायला होतं.

मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. जेवताना मांडीवर, कॉफीच्या वेळी मांडीवर. विचारलं काय आहे, तर म्हणाली, नंतर दाखवते. कागदपत्रं असणार.

मग उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. खालपासून वरपर्यंत, अगदी सावकाश.

“हे दार तेच ना? बदललं नाही ना?”

“नाही बदललं,” मी म्हटलं. “किती फूट भरलं?”

हसली. मी नाही हसले.

१५ मे

झुल्मिरा आणि ओलिव्हिया सकाळी चर्चमध्ये गेल्या, जुन्या वह्या बघायला. पाद्र्यानं काढून दिल्या. आल्या त्या एकमेकींकडे न बघता. मी म्हटलं, बोला.

झुल्मिरानं लिहून आणलेलं वाचलं. देओलिंदा, रोझालिना आणि जुझे तोमाशची मुलगी, बाप्तिस्मा मे १९४०. शेजारी समासात लग्नाची नोंद, १९६१. झालं की! मीच ती.

पण पुरण्याच्या वहीतही हीच देओलिंदा आहे. फेब्रुवारी १९४१. वय नऊ महिने.

म्हणजे मी आधी मेले आणि वीस वर्षांनी लग्न केलं. नवरा म्हणायचाच, तुझे पाय बर्फासारखे असतात.

मी दोघींना समजावलं की आपल्याकडे हे असंच असतं. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला. अर्ध्या गावाची नावं अशी दुसऱ्यांदा वापरलेली. पहिली देओलिंदा गेली, मग मी झाले. अमेरिकेत राहून अक्कल येत नाही.

“मग तुझा बाप्तिस्मा कुठे आहे, आजी?” झुल्मिरा म्हणाली. “पुढची दहा वर्षं पाहिली. दुसरी देओलिंदा नाही.”

आमच्या गावात मूल पोटभर प्यायच्या आधी चर्चमध्ये नेत. बिनबाप्तिस्म्याचं कुणी ठेवायचं नाही.

ओलिव्हिया तेवढ्यात हळूच म्हणाली, आणखी एक नोंद आहे. नोव्हेंबर १९४१. मारिया, आई लिओनोर, अविवाहित. बाप अज्ञात. समास कोरा. लग्न नाही. पुरण्याच्या वहीतही ती नाही.

“ती मुलगी कुठे गेली,” ओलिव्हिया म्हणाली, “तेवढंच विचारायला आलेय मी.”

मी म्हटलं, सूप निवतंय.

१६ मे

आज काही सांगायचं नाही. लिहू नकोस.

लिहिलंस ना?

१७ मे

माझी आई रोझालिना. मला ताप यायचा तेव्हा रात्रभर पाठीवर घेऊन फिरायची. हे कुठल्या नळीत दिसतं का? ही बाई घर मागायला आली असती तर बरं होतं. घर दिलं असतं. ही तर आईच मागतेय.

लहानपणी गावातल्या म्हाताऱ्या मला बघून गप्प व्हायच्या. मला वाटायचं, नाक मोठं म्हणून.

अमेरिकेची गोणी आठवली. वर्षातून एकदा मावशीकडून यायची, कपड्यांनी भरलेली, डांबरगोळ्यांचा वास. आख्ख्या गल्लीतले लोक जमायचे. माझ्या भावाच्या, मानुएलच्या विजारीत दोन मानुएल मावायचे. बाबांचा कोट मलाच घोट्यापर्यंत यायचा. माझा झगा तेवढा अंगाबरोबर बसायचा. दर वर्षी. आई म्हणायची, तुझ्या मावशीचा अंदाज चांगला आहे.

साडेतीन हजार किलोमीटरवरून अंदाज?

आणखी एक. पवित्र आत्म्याच्या सणाला आई मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी करायची आणि टाचेपासून डोक्यापर्यंत पांढरा दोरा लावून तोडायची. मानुएलला नाही, फक्त मला. मुली लवकर वाढतात म्हणायची. दोरा ॲप्रनच्या खिशात टाकायची.

तो पुढे कुठे जायचा, मी कधी विचारलं नाही.

१९ मे, सण

मिरवणूक झाली. सूप, मांस, पुदिना, सगळं झालं. मानुएलची मंडळी गेली. मग मी ओलिव्हियाला म्हटलं, आता उघड तो डबा. घराचे कागद असतील तर झुल्मिरा वाचेल.

“यात वाचायचं काही नाही,” ती म्हणाली. “आईला लिहिता येत नव्हतं.”

आत कापडाचे तुकडे. बोटभर रुंद. प्रत्येक तुकड्यावर एक पांढरा दोरा गुंडाळलेला.

निळ्यावर पांढरे ठिपके — मी सात वर्षांची. झाडावरून पडले तेव्हा हाच झगा फाटला होता. पिवळा, काचेच्या बटणांचा — चर्चमधला माझा पहिला कम्युनियन, त्याच्या आधीचा की नंतरचा? आधीचा. हिरव्या रेघा, तो मला आवडायचा नाही. मी एकेक उचलून सांगत गेले. झुल्मिराचं लिहिणं थांबलं होतं, तिला बघत बसू दिलं. शेवटचा पांढरा सॅटिन. लग्नाचा झगा. एकही टाका घालावा लागला नव्हता. एकूण पंधरा.

ओलिव्हिया म्हणाली, तिची आई दर उन्हाळ्यात टपालाची वाट बघायची. पाकिटातून नुसता दोरा निघायचा. “ती तो भिंतीला लावायची, जमिनीपासून वर. आणि टोकापाशी हात धरून उभी राहायची. बराच वेळ. असा हात, ताई — पालथा. डोक्यावर ठेवतात तसा. मी विचारायचे, कुणाचं पत्र? म्हणायची, रोझालिनाचं.”

पहिल्यांदाच ताई म्हणाली. मी हरकत घेतली नाही.

२३ मे

ओलिव्हियाची बोट दुपारची. सकाळी दाराशी उभी राहिले, झुल्मिराला म्हटलं, दोरा लाव. शेवटच्या दोऱ्यापेक्षा चार बोटं कमी भरला. आज घातलेल्या झग्याच्या आतल्या शिवणीतून तुकडा कापला, त्यावर गुंडाळला आणि ओलिव्हियाच्या हातात दिला. मावशीच्या कबरीवर ठेव म्हटलं.

थांब. काय लिहिलंस? मावशीच्या?

खोड ते.