दाराच्या फटीतली काडी

प्रिय बाबा,

काडी पुन्हा खाली पडलेली दिसली तेव्हा माझी किल्ली कुलपात अर्धी फिरली होती. ती तशीच धरून मी उभी राहिले. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. आत कुणी असेल तर चाहूल लागेल म्हणून कान दाराला लावला. आत नळ ठिबकत होता. तो सकाळीही ठिबकत होता. मग दार ढकललं. आधी न्हाणीघर पाहिलं, मग पलंगाखाली, मग पडद्यामागे. कुणी नव्हतं. काही गेलंही नव्हतं. पिशवी ओट्यावर ठेवून मी तिथेच फरशीवर बसले आणि पहिल्यांदा मनात आलं की ही जागा सोडावी, कॉलेजची नोकरीही सोडावी आणि सरळ घरी यावं. फोनवर तुम्हाला 'सगळं ठीक आहे' म्हणाले ते त्याच संध्याकाळी.

जागा तुम्ही पाहिलीच आहे. खाली प्रबंध बांधून देणाऱ्या बाइंडरचं दुकान, पहिल्या मजल्यावर घरमालकीण, वर मी, आणि माझ्यासमोरच्या दारात तो संशोधक, ज्याला सगळी इमारत आत्तापासूनच 'डॉक्टर' म्हणते. बाइंडर रोज त्याला हटकतो, "काय डॉक्टर, तुमचा प्रबंध बांधायला मी जिवंत असेन ना?" तोही रोज तेच म्हणतो, "तब्येत सांभाळा." तुम्ही आलात त्या दिवशी हे ऐकून मी हसले होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही दार पाहत होता. खोलीत ऊन येतं का, पाणी किती वेळ असतं, हे मी विचारत होते आणि तुम्ही दार लावून, उघडून, पुन्हा लावून बिजागऱ्या तपासत होता. घड्याळ कानाशी धरून ऐकता तसे. मग घरमालकीणबाईंना विचारलंत, "दुसरी किल्ली असते का?" त्या म्हणाल्या, "असते ना, माझ्याकडे खिळ्याला टांगलेली. पोरीबाळी एकट्या राहतात, वेळ काही सांगून येते का?" जिना उतरताना तुम्ही मला हळूच म्हणालात, "काडी लावत जा."

तुम्ही आणखी काही सांगायची गरज नव्हती. आगकाडीचं टोक मोडायचं, दार ओढून घेताना बिजागरीच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, फटीत अलगद बसवायची. कुणी दार उघडलं की ती पडते, आणि पडलेली काडी कुणाच्या लक्षात येत नाही. वरच्या खोलीत गिऱ्हाइकांची घड्याळं असायची म्हणून तुम्ही घराबाहेर पडताना ती लावायचात. मी लहानपणापासून पाहत आले. पण ज्या गोष्टीवरून आपल्या घरात एवढं झालं, ती तुम्ही मला इतक्या सहज सांगाल असं वाटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी काडी पडली. मला वाटलं, नीट बसवली नसेल. दुसऱ्या दिवशी नीट बसवली, तरी पडली. मग मी खोलीकडे तुमच्या नजरेनं बघायला लागले. कपाचा कान मी भिंतीकडे करून ठेवते. संध्याकाळी तो थोडा वळलेला. रोपांच्या कुंड्या खिडकीत ओळीनं आहेत. वर्गात दाखवायला आणलेलं शेवाळाचं भांडं त्या ओळीतून जरासं पुढे सरकलेलं. खुर्ची मी अशी ठेवली होती का? टॉवेल? एकदा संशय आला की प्रत्येक वस्तू साक्ष द्यायला उभी राहते.

आणि घरमालकीणबाई बोलायच्या. जिन्यात गाठायच्या आणि बोलायच्या. "नवा पडदा छान आहे हं." पडदा मी आदल्या दिवशी लावलेला. "खिडकी उघडी टाकून जाऊ नकोस बाई, कबुतरं शिरतील." "तुला झोप लागत नाही का ग? फेऱ्या मारत असतेस." मी वरवर हसायचे आणि वर येऊन विचार करत बसायचे की यांना हे कसं कळतं. पडदा मागच्या अंगणातून दिसतो, खिडकीही दिसते, माझी पावलं त्यांच्या छतावर वाजतात. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून पटत नव्हतं. कारण रविवारी काडी पडायची नाही. रविवारी मी ग्रंथालयात बसते, बाजार करते, दिवसभर बाहेर असते, तरी परत येईपर्यंत काडी जागच्या जागी. आणि रविवारी घरमालकीणबाई सकाळीच लेकीकडे जातात. पुरावा म्हणून तुम्हाला याहून जास्त काय लागलं असतं? मला तरी लागलं नाही.

मी खाली गेले. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "दुसरी किल्ली मला देऊन ठेवा," म्हणाले. त्यांनी उशीचा अभ्रा मांडीवर ठेवला. "का ग? काही हरवलं का?" "नाही." "मग?" त्यावर मी जे बोलले ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. मी म्हणाले, "काही गेलं नाही म्हणजे कुणी आलं नाही असं होत नाही." बाबा, हे वाक्य माझं नाही. ते माझ्या तोंडून, तुमच्याच आवाजात, तुमच्याइतकंच शांतपणे बाहेर आलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या उठल्या, खिळ्यावरची किल्ली काढली, तिला लाल दोरा होता तो सोडून घेतला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "या घरात इतकी मुलं राहून गेली," त्या म्हणाल्या, "कुणाला ताप आला तर याच किल्लीनं दार उघडून पेज घेऊन गेलेय. पण तू घे हो. सुखानं झोप." आणि पुन्हा घड्या घालायला बसल्या. दोरा त्यांच्या मांडीवरच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या आणि काडी पडली होती.

माझी फजिती झाली असं मला वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी लगेच समोरच्या दाराकडे पाहिलं. डॉक्टर दिवसभर घरी असतो. इथे माझ्या आधी राहणाऱ्याशी त्याची मैत्री असेल, त्याच्याकडे तिसरी किल्ली असेल. त्याचं माझ्याशी फार बोलणं नाही हेही आता खुपायला लागलं; बोलत असता तर तेही खुपलं असतं. विभागात कुणीतरी विचारलं, "नव्या जागेत रुळलात का?" मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला, मी नव्या जागेत राहते म्हणून?" बिचाऱ्या बाई चहा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. मी अशी झाले होते, बाबा. आणि मला ते अवघड गेलं नाही.

म्हणून परवा दुपारची रजा टाकली. जेवायला घरी आले, काडी लावली, सगळ्यांना ऐकू जाईल असे पाय वाजवत खाली उतरले, आणि चपला हातात घेऊन अनवाणी परत वर आले. माझ्या मजल्याच्या वर गच्चीचा जिना आहे. त्याच्या वळणावर बसलं की कठड्याच्या गजांमधून माझं दार पूर्ण दिसतं, आणि काडीही. मी तिथे बसले. एक शिकवणारी बाई, चपला मांडीवर घेऊन, आपल्याच दारावर पाळत ठेवून.

घरमालकीणबाई धुणं घेऊन मागच्या अंगणात गेल्या. वर आल्याच नाहीत. मग डॉक्टरचं दार उघडलं. तो बाहेर आला आणि माझ्या दारासमोर थांबला. तो वाकला. मी उठायच्या बेतात होते. त्यानं माझं पायपुसणं, मीच घाईत वाकडं केलेलं, हातानं सरळ केलं आणि शिट्टी वाजवत खाली गेला. काडी जागेवर होती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मी निराश झाले. तो चोर निघाला असता तर मी बरोबर ठरले असते.

नंतर बराच वेळ काहीच झालं नाही. मग खाली बाइंडर जेवून आला. त्याचं शटर गंजलेलं आहे. तो आधी त्याला लाथ घालतो आणि मग दोन्ही हातांनी वर फेकतो. सकाळी तो दुकान उघडायच्या आत मी निघालेली असते आणि दुपारी कधी घरी नसते, म्हणून मी ते कधी ऐकलं नव्हतं. शटर वर गेलं. जिना थरथरला, गजावरच्या माझ्या बोटांना ते जाणवलं. माझं दार चौकटीत किंचित हललं, जितकं कुलूप हलू देतं तितकंच. आणि काडी पडली. जिन्यात कुणी नव्हतं. दाराला कुणी हात लावला नव्हता. रविवारी दुकान बंद असतं.

मी काडी परत बसवली, खाली गेले आणि बाइंडरला म्हणाले, शटर एकदा पाडून पुन्हा उघडा. "मॅडम, दुकानाची परीक्षा घेताय का?" तो म्हणाला, पण उघडलं. वर आले. काडी पडली होती. त्याला मी आणखी एकदा उघडायला लावलं. "आता नापास केलंत तरी चालेल," म्हणाला, "माझे खांदे गेले." या वेळी मी आतच थांबले होते. रॅकवरचा कप थरथरत कडेकडे सरकला. तेव्हा मला आईचं फडकं आठवलं.

आपल्याकडे कपांखाली आई फडकं घालायची, आठवतं? पंप सुरू झाला की फळीवरचे कप वाजायचे म्हणून. पंप तुमच्या खोलीच्या बरोबर खाली होता. तुम्हीच घड्याळांच्या ट्रेखाली लोकरीचा जाड नमदा अंथरला होता आणि पंप चालू असताना चिमटा खाली ठेवून हात बांधून बसायचात. आई म्हणायची, तेवढाच तुमच्या बाबांना आराम. पाणी यायच्या वेळी तुम्ही घरातच, म्हणजे खोलीत असायचात, आणि खोलीत असलात की काडी नसायची. म्हणून पंप आणि काडी यांची गाठ कधी पडली नाही. एकदाच पडली. तुम्ही कॉलेजच्या मनोऱ्यावरचं घड्याळ लावून द्यायला गेला होता, आई आजीकडे, मी शाळेत. घरी दादा एकटा होता, आणि जाताना आई त्याला बजावून गेली होती की पाणी आलं की पंप लाव, विसरू नकोस.

तो विसरला नाही. मी शाळेतून आले तेव्हा टाकी भरलेली होती आणि तुम्ही दोघं जिन्याखाली उभे होता. तुम्ही सगळे ट्रे तपासले होते; एक स्क्रूसुद्धा हललेला नव्हता. दादा म्हणाला, "मी वर गेलोच नाही." तुम्ही म्हणालात, "काही गेलं नाही म्हणजे कुणी आलं नाही असं होत नाही. वर गेलास याचं काही नाही, खोटं का बोलतोस?" तो पुन्हा तेच म्हणाला. तुम्ही विचारलंत, "मग काडी कुणी पाडली?" आणि दादा म्हणाला, "काडीलाच विचारा." तुम्हाला तो उद्धटपणा वाटला. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी खोलीला नवीन कुलूप आलं, आणि पुढे जेवताना तुम्ही त्याला काही वाढायचं असलं तर आईला सांगायचात. वर्षभरात तो नोकरी शोधून निघून गेला. आता त्याला मुलगी झाली आहे, ती चालायला लागली आहे, आणि तिला तुम्ही फोटोतही पाहिलेलं नाही, कारण आई फोटो दाखवायला लागली की तुम्ही चष्मा पुसायला घेता.

मला जागेबद्दल लिहायचं नव्हतं. जागा चांगली आहे, मी इथेच राहणार आहे. मी हे लिहिते आहे ते एका कामासाठी. तुम्हाला माझा शब्द पुरणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही दुसऱ्यानं लावलेली वेळसुद्धा मानत नाही. म्हणून मानू नका. वरच्या खोलीचं दार ओढून घ्या, काडी लावा, जिन्यात उभे राहा आणि आईला पंप सुरू करायला सांगा. काडी पडली नाही तर मी चुकले असं समजा आणि हे पत्र फाडून टाका. पडली, तर दादाचा नंबर आईकडे आहे. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. त्यानं तेव्हा जे सांगितलं होतं ते तुम्ही केलंत, एवढं त्याला कळलं तरी पुरे. काडीलाच विचारलंत.

तुमचीच,
धाकटी

ता. क. सकाळी कॉलेजला निघताना काडी न लावता दार नुसतं ओढून घेतलं. दुसरी किल्ली घेऊन खाली गेले आणि घरमालकीणबाईंना सगळं सांगितलं, शटरसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. किल्ली मात्र घेतली नाही. "राहू दे तुझ्याकडेच," म्हणाल्या. किल्ली पर्समध्ये आहे. पत्र टाकायला निघाले आहे.