पर्सिस्ट म्हणजे गेलंच नव्हतं

बाई, आज कारखान्यात पेढे वाटले आणि पहिला पेढा माझ्या हातावर आला. तुम्ही असता तर कामावरून थेट तुमच्याकडेच आले असते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून लिहायला बसले आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघते. मी, दहावीला इंग्रजीत गचकलेली! निकालानंतरचा तो दिवस अजून लख्ख दिसतो. गडमुडशिंगीचं आमचं स्वयंपाकघर, आई भाकरी थापतेय, वडील भिंतीला टेकून म्हणतायत, "पुरं झालं आता शिक्षण." तेवढ्यात तुम्ही अंगणातूनच हाका मारत आत येता आणि चुलीपाशी बसता. "पुरं कसं? पोरगी थांबल्याली न्हाय, अडकलीया. अडकलेल्याला मागनं ढकलायचं असतंय की!" शाळा उघडल्यावर पटावर नाव नसतानाही तुम्ही मला तुमच्या इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसू दिलंत. त्याहून मोठं मला आजवर कुणी काही दिलेलं नाही.

त्याच बाकावर बसून मी एकदा लिहिलं होतं, की आजीचा खोकला पर्सिव्हिअर करतो. सगळ्या वर्गासमोर तुम्ही कडाडलात. "खोकला काय स्पर्धा परीक्षेला बसलाय व्हय गं? पर्सिव्हिअर माणूस करतोय. काहीतरी गाठायचं असतंय, वाट अवघड असती, तरी चालत ऱ्हातोय, त्यो. खोकला पर्सिस्ट करतोय. औषध दिलं तरी जात न्हाय, मुक्काम ठोकून बसतोय." मग फळ्याकडे वळून तुम्ही एकेक शब्द उलगडत गेलात. कंटिन्यू साधा, चालू होतं, चालू आहे, त्यात ना कौतुक ना तक्रार. 'कीप ऑन' असेल तर बऱ्याचदा बोलणारा वैतागलेला असतो. माणूसही पर्सिस्ट करतो, पण 'पर्सिस्ट इन' आलं की त्यात हट्ट असतो, पुष्कळदा समोरच्यानं नको म्हटलेलं असतं. पोरं हसत होती, माझे कान तापले होते. पण त्या दिवसापासून हे शब्द मला एकसारखे कधी वाटलेच नाहीत.

यंदा आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं तक्रार केली, की आम्ही ओतलेल्या पंपाच्या भागांतून पाणी झिरपतंय. आम्ही साच्याची वाळू बदलली, धातूचं मिश्रण बदललं, नवा माल पाठवला. तरी पुन्हा मेल आला. ऑर्डर थांबली, एक भट्टी विझली, तिच्यावरची माणसं घरी बसली. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच, की नव्या वाळूनं नवा दोष आणला, जुनीच वाळू परत आणा. मी मेल पुन्हा वाचत होते. 'द लीक पर्सिस्ट्स.' मी बोलले, "साहेब, हा नवा दोष नाही. पर्सिस्ट म्हणजे तो गेलाच नव्हता. मग आपण जे बदललं, त्यात कारण कसं असेल? जे बदललं नाही, ते बघू या."

प्रॉडक्शनचे साहेब माझ्यावर खेकसले, "सगळं तर बदललंय! काय ऱ्हायलंय आता?" आणि मग त्यांचाच आवाज खाली आला. "पॅटर्न. पॅटर्न तेवढं जुनंच हाय की."

पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना. त्यांनी लगेच पहिल्या आणि नव्या मालातला एकेक भाग कापायला लावला. दोन्हींची भिंत एकाच जागी पातळ होती. पॅटर्न त्या कडेला झिजलं होतं, आणि पाणी तिथूनच झिरपत होतं. नवं पॅटर्न बनवलं, त्यावरून ओतलेले भाग गिऱ्हाइकाला पाठवले, आणि वाट बघत बसलो.

आज सकाळी उत्तर आलं. एक थेंब झिरपत नाही. त्यांना आमच्याबरोबर कंटिन्यू करायचंय. मी मोठ्यानं वाचलं, तसे प्रॉडक्शनचे साहेब दारातूनच ओरडले, "पावणं परत आलं रं!" भट्ट्यांच्या शेडमधून शिट्ट्या आल्या. मालक खुशीत येऊन उत्तर सांगायला लागले, "लिहा, वी विल पर्सिस्ट इन सप्लाइंग."

मी म्हटलं, "साहेब, याचा अर्थ, तुम्ही नको नको म्हणा, आम्ही पाठवणारच!"

मालक खो खो हसले. "मग कंटिन्यूच घाला, बाई."

बाई म्हणाले मला, बाई! दुपारी विझलेली भट्टी पेटली. घरी बसलेली माणसं डबे घेऊन फाटकातून आत येत होती, आणि येताना माझ्या खिडकीकडे बघून हात करत होती. मीही करत होते. आज म्हणूनच घेते: आय पर्सिव्हिअर्ड. हे वाक्य तुम्हीही बरोबर धराल.

हे कुठं पाठवायचं नाही, ते ठाऊक आहे. एक सांगून टाकते. आधी इंग्रजीतच लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या, आणि तुम्ही मागं उभ्या राहून वाचताय असं वाटलं. कागद फाडला आणि मराठीत सुरुवात केली.