पोट आत ओढून दिलेलं माप

ती. बाबा,

दोन्ही पायांना नमस्कार, डाव्याला जरा लांबूनच.

मी मजेत आहे. वॉर्डात आता मला सगळे 'सिस्टर' म्हणतात, 'ए मुली' कुणी म्हणत नाही. आईला तेवढं जरूर सांगा.

तुमच्या डाव्या पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद सुजला, चादर लागलेलीही सोसेना, हे आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "गाऊट असावा, रक्तातलं युरिक ॲसिड सांध्यात साचून होतो तो." मी म्हटलं, युरिक ॲसिड नॉर्मल आलंय, म्हणून बाबा पाय मुरगळलाय असंच सांगतात. तर म्हणाले, ऐन दुखण्यात ते नॉर्मल दिसू शकतं. सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. सांध्यातलं पाणी तपासलं तर खात्रीच.

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे पोट आत ओढलेल्या गिऱ्हाइकाचं माप. आमचे बाबा टेलर आहेत, ते असलं माप धरतच नाहीत."

काल डॉक्टरांनी एका पेशंटला हेच समजावलं, "आमच्या सिस्टरचे वडील म्हणतात" म्हणून. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मशीनचा पायडल सध्या कोण मारतंय? आई?

बाबा, पुन्हा एकदा माप देऊन या. इथे लोक तुमच्या शब्दावर देतायत.

तुमची,
धाकटी