पोरीने बांधलेलं इंजिन

ठमे,

भाजी झाकून ठेवलीय, आधी जेव. मग गॅरेजमध्ये जा.

तुझ्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन पुन्हा खोललेलं दिसेल. चोर आला नव्हता, मीच खोललं. इंजिनाचा खालचा भाग तू मला हातही लावू न देता बांधलास, म्हणून मला चैन पडेना. वाटलं, पोर काहीतरी विसरली असणारच. बेअरिंग, सील, सगळं जिथल्या तिथे होतं.

बंद करताना मात्र क्रँकचा दांडा बेअरिंगमध्ये बसेना. तो हळूहळू ओढून बसवायचं तुझं हत्यार समोरच होतं. पण त्याला मी खेळणं म्हणून हसलो होतो, मग ते कसं घेणार? हातोडा घेतला आणि क्रँक वाकडा करून बसलो. जन्मभर फिटर म्हणून मिरवलो आणि शेवटी हे दिवे लावले.

तो सरळ करून घ्यायला लेथवाल्याला फोन केला, तर तो हसून म्हणाला, "पोरीने ठोकला वाटतं?" मी नुसतं "हं" म्हटलं.

आता त्याच्याकडेच निघालोय. क्रँक उद्याही नेता आला असता. ते "हं" आजच परत घ्यायचंय.

बाबा