एका ओळीनं घसरलेली हुशारी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा एक अंग वजा धर). तुझी दाढ कशी आहे? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. खरं तर परवापासून माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

तुझ्या भाचीच्या शाळेत यंत्रानं तपासायची परीक्षा झाली. प्रश्न साठ, उत्तराचा गोल काळा करायचा. वर्गात कायम 'अ' श्रेणी मिळवणाऱ्या पोरीला साठपैकी एकोणीस! वर शेरा : 'आकलन अत्यंत कमी.' सोमवारपासून तिला कच्च्या मुलांच्या वर्गात बसवणार. वाचलं आणि मी मटकन कापडाच्या गठ्ठ्यावर बसलो (त्यात टाचण्या होत्या, ते बसल्यावर कळलं). पोरगी धड जेवत नाही, सारखी विचारते, बाबा, मी ढ आहे का?

शेवटी काल दुकान बंद ठेवलं (गिऱ्हाइकांना फरक जाणवला नाही). तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत कापायच्या टेबलावर पसरली, शेजारी बरोबर उत्तरांची यादी, आणि चुकू नये म्हणून यादीच्या ओळीखाली माझी टेप. पहिली सहा उत्तरं चोख. सातव्यापासून नुसता गोंधळ. टेप सहज एक ओळ खाली सरकवली, तर पटापट जुळायलाच लागलं! सत्तावन्न बरोबर! पोरीनं सातवा प्रश्न सोडला, पण त्याचा गोल रिकामा ठेवायला विसरली. मग आठव्याचं उत्तर सातव्यात, नवव्याचं आठव्यात. शर्टाचं एक बटण भलत्या काजात गेलं की खालची सगळी चुकतात, तसं. आणि त्या यंत्रानं तिची अक्कल काढली!

मी आनंदानं विचारलं, सातवा का सोडलास? प्रश्न असा : एक शिंपी दिवसाला चार शर्ट शिवतो, तर सहा दिवसांत किती? पोरगी शांतपणे म्हणाली, "बाबा, चारही उत्तरं खोटी होती. तुम्ही आठवड्याला तीनच शिवता." परीक्षा तिची आणि नापास मी! तिची आई अजून हसतेय.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं कारणच राहिलं. शनिवारच्या आत येऊन ही प्रत मुख्याध्यापिकाबाईंना तू दाखव. बत्तीस वर्षं पेपर तपासलेस, तुझं त्या ऐकतील.

पुन्हा ता. क. : मी जाऊ शकत नाही. बाईंचा कोट चार महिने 'उद्या' मिळतोय. अजून नुसता कापलाय. परवा त्या दुकानात आल्या तेव्हा मी टेबलाखाली होतो. बाबा कुठे आहेत, असं त्यांनी तुझ्या भाचीला विचारलं. ताई, या पोरीला चुकीचं उत्तर देताच येत नाही गं.